टबात कोण उतरलं होतं

जळगावात मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. छतावरच्या टाकीतलं पाणी बादलीत काढायचं, अर्धा तास निवू द्यायचं आणि मग अंघोळ करायची, अशी आमची रीत. अशा गावात लोक गरम पाण्याचा टब विकत घेतात, त्या टबाचं पाणी सांभाळायला एक बाई ठेवतात आणि ती बाई मी आहे, हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मी थट्टा करते आहे का म्हणून माझ्याकडे निरखून बघतो. मी थट्टा करत नाही. माझ्याकडे असे नऊ टब आहेत. सहा जळगाव-भुसावळच्या आसपास, दोन धुळ्यात, एक चाळीसगावला.

निवृत्त होईपर्यंत मी एका पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होते. नदीचं पाणी यायचं, आम्ही तपासायचो, तुरटी किती आणि क्लोरीन किती ते सांगायचो. घरी बसून चार महिने झाले नाहीत तोच बाथरूम फिटिंगचं दुकान असलेले ओळखीचे एक भाऊ दारात आले. त्यांनी हौशी लोकांना टब विकले होते आणि पंधरा दिवसांत सगळ्यांचं पाणी हिरवं झालं होतं. गिऱ्हाइकं म्हणत होती टब खराब, भाऊ म्हणत होते गिऱ्हाईक खराब. मी जाऊन बघितलं. भाऊंनी विकताना ‘याला काही करावं लागत नाही’ असं सांगितलं होतं, आणि गिऱ्हाइकं ज्या पावडरीच्या डब्या ‘रोज टाकतो’ म्हणत होती त्यांची सीलसुद्धा फोडलेली नव्हती. दोन्ही बाजू बिनदिक्कत खोटं बोलत होत्या. मला हे काम तिथेच आवडलं.

कारण माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याचं माप, भाजीवाल्याचा काटा, नवऱ्याचं ‘आत्ताच निघालो’ हे मी कधीच पहिल्या फटक्यात मानलेलं नाही. नोकरीने या स्वभावाला पगार दिला एवढंच. प्रयोगशाळेत आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नमुना आणून देणारा माणूस काय म्हणतो ते कानाआड करायचं, बाटली काय म्हणते ते लिहायचं. मी ते जन्मभर पाळलं. त्यातून एकदा माझ्या हातून जे झालं ते सांगायला हा लेख लिहिते आहे, पण आधी कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

टब म्हणजे चार माणसं गुडघे दुमडून बसतील एवढा हौद, हजार-बाराशे लिटरचा. पाणी अंगाला सोसेल इतकं गरम, आणि बाजूच्या भोकांतून जोराचे फवारे. अंघोळीचं पाणी आपण एकदा वापरून सोडून देतो; इथे तेच पाणी दोन-तीन महिने राहतं. त्यात माणसं उतरतात, घाम आणि तेल सोडून जातात, आणि कोमट पाणी म्हणजे जंतूंना माहेरपण. आमच्याकडचं बोअरचं, विहिरीचं पाणी जड. पीएच वर गेला की हीटरवर क्षारांचे थर बसतात, फार खाली गेला की पाणी धातू खातं. तो मध्यावर ठेवायचा आणि क्लोरीन पुरेसा ठेवायचा, हे माझं काम.

हा क्लोरीन दोन तऱ्हेचा असतो. एक मोकळा, तो जंतू मारतो. दुसरा अडकलेला, म्हणजे माणसाच्या घामातून, लघवीतून आलेल्या अमोनियाशी जुंपलेला. तो काही कामाचा नाही. नुसता वास मारतो आणि डोळे चुरचुरवतो. लोकांना वाटतं, वास आला म्हणजे औषध जास्त झालं. खरं तर वास आला म्हणजे औषध संपलं. ज्या घरात आरडाओरडा जास्त त्या घरात काम जास्त होतं, असं थोडंच आहे?

तेव्हा विचारायचं ते पाण्याला, मालकाला नाही. धुळ्याच्या एका डॉक्टरांच्या टबात फवारे सुरू केले की फेस वर यायचा, दळणाच्या डब्यासारखा काठोकाठ. ते माझ्या औषधावर संशय घेत होते. मी फेस हातात घेतला, हुंगला आणि वहिनींना विचारलं की टबात उतरताना अंगावर काय असतं. त्या लाजल्या. स्वतःच्याच घरात, बंद गच्चीवर, पण पोहण्याचे कपडे घालायचा संकोच. म्हणून दोघं पूर्ण सुती कपड्यांत उतरत होती, आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश पाण्यात सुटत होता. कपडे पावडरीशिवाय नुसत्या पाण्यातून काढायला सांगितले, फेस गेला. चाळीसगावच्या व्यापाऱ्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पाण्यात काही टाकलेलं नाही. मी फिल्टर उघडला तेव्हा आत उटण्याचा चिखल आणि तिळाच्या तेलाचा थर होता. नरकचतुर्दशीला बारा जणांनी पहाटेची अभ्यंगस्नानं टबातच उरकली होती. ‘ते काय टाकणं झालं का, ते अंगाला होतं’, असं त्यांचं म्हणणं.

अशा गोष्टींनी माझा भाव वाढला. बाई पाणी बघून सांगतात कोण उतरलं होतं, असं लोक बोलायला लागले आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. चांगलंच बरं वाटायचं.

रावेरच्या बाजूला केळीचे एक मोठे बागायतदार आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या आई, अक्का, ऐंशीच्या पुढच्या. अक्कांचे गुडघे धरले होते म्हणून नानांच्या मुलाने शेतातल्या बंगल्यावर टब बसवला. मंगळवारी मी जायची; घरची माणसं जळगावात राहायची, ती शनिवारी यायची, तेव्हा अक्का टबात बसायच्या. बंगल्याची आणि पंपाची राखण करायला गोरख आणि सुनंदा हे जोडपं होतं, साक्रीकडच्या डोंगरातलं. पंपाच्या शेडला लागून त्यांची खोली. सुनंदा अक्कांना हात धरून टबात उतरवायची आणि बाहेर आल्यावर त्यांच्या पायांना तेल लावायची. गोरख ठिबक सांभाळायचा आणि टबातलं पाणी कमी झालं की शेडजवळच्या नळाला पाइप लावून भर घालायचा.

जूनमध्ये टब भरण्याआधी मी विहिरीचं पाणी तपासलं होतं. जड होतं, बाकी स्वच्छ. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग गणपतीच्या सुमारास मोकळा क्लोरीन शून्य निघाला. मी दुप्पट टाकला. पुढच्या मंगळवारी पुन्हा शून्य, आणि झाकण उघडल्याबरोबर डोळ्यात पाणी येईल असा वास. तिसऱ्या आठवड्यात अक्कांच्या पायांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलंय. नाना माझ्याकडे बघायला लागले.

आता क्लोरीन असा पाय फुटून जात नाही. मी अमोनियाची परीक्षा केली. चार थेंब टाकायचे. पाणी पिवळं पडलं तर अमोनिया आहे, तपकिरी झालं तर खूप आहे. बाटलीत चहा व्हावा तसा रंग आला. प्रयोगशाळेत तीस वर्षं या रंगाचा एकच अर्थ मला ठाऊक होता, की पाण्यात माणसाची घाण गेली आहे. एक म्हातारी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसते, तेवढ्याने हा रंग येणार नाही. कोणीतरी रोज उतरत होतं.

मी सापळा लावला. झाकणाचा पट्टा माझ्या पद्धतीच्या गाठीने बांधला आणि फटीत स्वतःचा एक केस अडकवून ठेवला. पुढच्या मंगळवारी गाठ वेगळी होती आणि केस नव्हता. गोरख म्हणाला की पाणी कमी झालं होतं, भर घालायला उघडलं. भर घालायला मीच त्याला सांगून ठेवलं होतं. पण मला ते त्या क्षणी पळवाट वाटली. एकदा संशय बसला की माणूस पाणी प्यायला तरी चोर वाटतो.

त्या मंगळवारी नाना मुद्दाम अक्कांना घेऊन शेतावर आले होते; ओसरीवर ते बसले होते, शेजारी अक्का. गोरख पायरीच्या खाली उभा होता, सुनंदा नळावर घागर भरत होती. मी बाटली नानांच्या हातात दिली आणि म्हटलं, या पाण्यात माणसं उतरतात, आणि एकदा-दोनदा नाही. नानांनी विचारलं, घरची का? मी म्हटलं, घरची तर शनिवारीच येतात. एवढंच बोलले. कोणाचं नाव घेतलं नाही, हे मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. नाव घ्यायची गरजच कुठे होती? त्या शेतात राहणारी दोनच माणसं होती, आणि ती डोंगरातली होती, कामाला ठेवलेली होती. मालकाच्या टबात त्यांचं अंग बुडालं असेल या कल्पनेनेच नानांचा चेहरा बदलला. ती किळस मी पाहिली. खरं सांगायचं तर थोडी माझ्याही मनात होती.

अक्का म्हणाल्या, “माह्या पायाले ती दर शनवारी तेल लावते. ती चोरून कायले उतरीन?” नाना हातातली बाटलीच बघत राहिले.

सुनंदाने घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे आली. नानांकडे नाही, माझ्याकडे. “बाई, आम्ही त्या पानीमा पाय बी नही टाका,” ती म्हणाली. “त्या नळलेच वास येस. आम्ही तेच पानी पितस, आम्हले माहीत शे.”

मी काय केलं? पाणी तपासण्यात जन्म घालवलेल्या बाईला कोणी सांगतंय की पिण्याच्या पाण्याला वास येतो, तर तिने उठून आधी तो नळ हुंगायला हवा होता. मी म्हटलं, विहिरीचं पाणी मी स्वतः तपासलेलं आहे. आणि स्कूटीला किल्ली लावली.

नवरात्र बसायच्या आत त्यांना काढलं. जाताना गोरख आजूबाजूच्या शेतांवर काम विचारत फिरला, पण त्याच्या आधी बातमी पोचली होती. ‘टबवाले’ असं त्यांचं नाव पडलं. केळीच्या घडांची कापणी ऐन भरात होती, माणसं मिळत नव्हती, तरी त्या रस्त्यावरच्या एकाही शेताने त्यांना उभं केलं नाही. मला हे दुकानवाल्या भाऊंनी हसत हसत सांगितलं. मीही हसले असेन.

मी टब रिकामा केला, घासला, पाइपांतून औषध फिरवलं आणि पुन्हा भरून घेतला. अक्का पुरळ बरं होईपर्यंत जळगावच्या घरी होत्या. बंगल्याला कुलूप होतं. झाकणाच्या दोन्ही पट्ट्यांना मी माझी स्वतःची कुलपं लावली आणि किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. आठवड्याने उघडलं तर क्लोरीन शून्य. थेंब टाकले, पुन्हा चहा.

मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. त्या पाण्यात माणूस उतरणं शक्यच नव्हतं. पहिला संशय मी माझ्या थेंबांवर घेतला; घरून आणलेल्या पाण्यात टाकून बघितले, थेंब बरोबर होते. दुसरा क्लोरीनच्या डब्यावर, तोही बरोबर. मग भाऊंवर, मग नव्या राखणदारावर, जो रात्री गावात घरी जायचा. सगळ्यांवर घेऊन झाला तेव्हा शेवटी मी शेडजवळच्या नळापाशी गेले. वास होता. हलका, पण होता.

तेवढ्यात शेतीची वीज गेली आणि पंप थांबला. नळ उघडाच होता. पाणी बंद झालं आणि आतून गुळगुळ असा आवाज यायला लागला. मी नळाच्या तोंडाला तळहात लावला. नळाने माझी कातडी आत ओढली. पाणी बाहेर यायच्या ऐवजी नळ आत ओढत होता.

मी वळून बघितलं. चार हातांवर ठिबकचा खताचा ड्रम होता. युरिया आणि अमोनियम सल्फेट कालवून ठेवलेला, त्याची नळी थेट पंपाच्या पाइपाला जोडलेली. वीज गेली की पाइपातलं पाणी विहिरीकडे मागे धावायचं आणि जाताना ड्रममधलं खत सोबत ओढून न्यायचं. वीज आली की नळातून पहिलं पाणी तेच. तेच टबात जात होतं, तेच सुनंदाच्या घागरीत. मी जूनमध्ये विहीर तपासली तेव्हा केळी नुकती लावलेली होती आणि खताचा ड्रम सुरू झालेला नव्हता. माणसाच्या लघवीत असतो तो युरिया आणि गोणीत असतो तोही युरियाच. मी शेतकऱ्याची मुलगी, आमच्या ओसरीवर युरियाच्या गोण्यांपासून शिवलेल्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते दुसरं काय?

पाणी मागे येऊ नये म्हणून अशा पाइपात एक झडप बसवतात, तिला सगळे एनआरव्ही म्हणतात. ती कुठे आहे, असं मी नव्या राखणदाराला विचारलं. त्याने शेडमधल्या खिळ्याला टांगलेली दाखवली. झडपेमुळे शेवटच्या ओळींना पाण्याचा जोर कमी पडतो म्हणून नानांनी स्वतः ऑगस्टमध्ये काढायला लावली होती. केळीवाला माणूस शेवटच्या ओळीसाठी काय वाटेल ते करील.

मी नानांना सगळं दाखवलं. त्यांनी झडप परत बसवली, विहीर उपसून घेतली, मला जळगावच्या घरी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, झालं ते झालं, बाई, आता हे कोणाला कशाला सांगायचं? मला जितकी अपेक्षा होती तितकं आश्चर्य त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. त्यांना आधीच काही कळलं होतं का, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण त्यांच्यावर संशय घ्यायचा अधिकार मी तोवर गमावला होता. अक्का आतून म्हणाल्या, “आणि सुनंदाचं काय?” या वेळी मला ते ऐकू आलं.

थंडीत मी एसटीने साक्रीला गेले, तिथून जीपने पुढे. दोघं दुसऱ्याच्या शेतात कांद्याची रोपं लावत होती. मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं, ड्रम, झडप, नळ, सगळं. माझं चुकलं असंही सांगितलं. हात जोडले. ते वाकून रोपं लावत ऐकत होते. आपण निर्दोष ठरलो हे कळल्यावर माणसाला बरं वाटेल, काहीतरी तो बोलेल, अशी माझी समजूत होती.

ओळ संपल्यावर गोरख सरळ उभा राहिला. त्या ओसरीवर तो एक अक्षर बोलला नव्हता. “आम्ही नही उतरनूत, हाई आम्हले पहिलेच माहीत व्हतं,” तो म्हणाला. “तुम्ही ज्यासले सांगं, त्यासले जाईसन सांगा.”

बरोबर होतं त्याचं. निर्दोष असल्याची बातमी मी ज्याला ती आधीपासून ठाऊक होती त्यालाच द्यायला दोन वाहनं करून गेले होते, कारण तिथे ती देणं सोपं होतं.

मग मी त्या रस्त्यावरच्या अकरा शेतांवर गेले. प्रत्येक ओसरीवर बसून ड्रमची गोष्ट सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आधी एकदा झालं होतं; या वेळी तीच जीभ उचलायला जड जात होती. दोन घरांना पटलं. बाकीच्यांनी चहा दिला आणि मान डोलावली. एकाने विचारलं की गोरखने तुमच्याकडे कोणी पुढारी पाठवला होता का. एक म्हातारे आबा, मला फार हुशार समजणारे, म्हणाले, “बाई, आधी तुम्हीच म्हने उतरले, आता तुम्हीच म्हने नही उतरले. आमी खरं कोन्तं धरावं?” मी बाटली काढली, थेंब काढले, त्यांच्यासमोर परीक्षा करून दाखवली. त्यांनी बाटलीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर लोकांकडे जसं बघत आले, अगदी तसं.

माझं काम अजून चालू आहे. आता कुठेही गेले की आधी नळाचं पाणी तपासते, मग टबाचं, आणि माणसांबद्दल मला विचारलं तर मी फक्त बाटलीत काय आहे ते सांगते, ते कुठून आलं ते सांगत नाही. स्वभाव काही गेलेला नाही. दूधवाल्याला विचारा.

हा लेख दिवाळी अंकात द्यायचं ठरलं तेव्हा नानांनी निरोप पाठवला की आमची ओळख पटेल असं काही लिहू नका. म्हणून नाना, अक्का आणि शेताची जागा मी बदलून लिहिली आहे. डॉक्टर आणि व्यापारी यांचीही ओळख झाकली आहे. मग सुनंदाला फोन केला आणि म्हटलं, तुमचीही नावं बदलते, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

“नाव नका बदलू, बाई,” ती म्हणाली. “बदनामी याच नावनी व्हयनी ना.”

तेव्हा ही दोन नावं खरी आहेत. गोरख सोनवणे आणि सुनंदा गोरख सोनवणे, तालुका साक्री. ते त्या टबात कधीही उतरले नव्हते. उतरले असं मी सांगितलं होतं.